सांगायला तुम्हीच बऱ्या

घोडेगावच्या पुढे रस्त्याला लागून एक कारखाना आहे. मटार आणि मक्याचे दाणे निवडायचे, गोठवायचे, पिशव्यांत भरायचे, एवढंच तिथलं काम. मी तिथे दिवसपाळीची प्रमुख म्हणून लागले तेव्हा माझ्या हाताखाली सगळ्या बायकाच होत्या. माझं माहेर खोडदचं. भाषा एक, जिल्हा एक, मग या बायकांना समजून घ्यायला वेगळं काय शिकायचं, असं मला वाटायचं.

त्यांच्यात सरळ दोन गट होते. एक शिनोलीच्याही वर, डोंगरातल्या वाड्यांवरून एसटीने येणाऱ्या बायकांचा. घरी भात आणि नाचणी. दुसरा खालच्या गावांतल्या बायकांचा. त्यांच्या सासऱ्या-आजेसासऱ्यांनी मेंढरं वळली होती, आता बहुतेकींच्या घरी शेतीच होती. डोंगरातल्या बायकांमध्ये एक वयस्कर बाई होती, तिचं सगळ्या ऐकायच्या. आम्ही तिला मावशी म्हणायचो. खालच्या गावांतल्यांमध्ये तसाच मान एका उंच, मोठ्या आवाजाच्या बाईला. ती वहिनी.

पहिल्याच आठवड्यात मी दाणे सरकत येतात त्या पट्ट्याजवळ उभी राहून मोठ्याने म्हटलं, "उद्यापासून बांगड्या काढून यायचं." काच मालात जाऊ नये, असा नियमच होता. वहिनी तिथल्या तिथे भांडली. डोंगरातल्या बायका मात्र एक शब्द बोलल्या नाहीत, माना खाली घालून दाणे निवडत राहिल्या. मला वाटलं, या शहाण्या, ह्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एकही आली नाही.

मी एसटी पकडून मावशीच्या वाडीवर गेले. तिने पाणी दिलं, कोरा चहा दिला, पावसापाण्याचं विचारलं. शेवटी मीच विषय काढला.

"ताई, पट्ट्यावर पाट्या वाहनारी गडी मानसं व्हती," ती म्हणाली. "त्यांच्याम्होरं, सवाशिणींना, बांगड्या काढा म्हनला तुमी. आसं कोन बोलतं का?"

"मग नाही म्हणायचं होतं ना, मावशी."

"गप बसलो की. आजून कसं न्हाई म्हनायचं?"

परत आल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत एक फळी मारून घेतली, प्रत्येकीला एक डबा दिला, आरशापाशी कुंकवाची डबी ठेवली. आत यायचं, बांगड्या उतरवून डब्यात ठेवायच्या, जाताना पुन्हा भरायच्या. 'काढा' हा शब्द मी टाकून दिला. सगळ्या परत आल्या.

त्यानंतर मी कान देऊन राहायला लागले. डोंगरातली बाई 'बरं' म्हणाली की तो होकार नसतो, तिने ऐकलं एवढाच त्याचा अर्थ. 'किती माणसं येतील?' असं विचारलं की ती स्वतःपुरतं उत्तर देते, दुसरीच्या वतीने बोलत नाही. वाडीत कुणी वारलं तर एकटी बाई रजा घेत नाही, सगळ्याच घेतात. वहिनीचं याच्या उलट. ती ओरडली म्हणजे बोलणं सुरू झालं, गप्प झाली की समजायचं, आता खरी रागावली.

सगळ्यात अवघड होती आवणी. आषाढात भाताची रोपं लावायला डोंगरातल्या बायका जाणारच, त्याला कारखाना काय नि कोण काय. आणि खालच्या बायका हिवाळ्यात त्यांच्या देवाच्या जत्रेला जाणार. मी मावशीला आणि वहिनीला समोरासमोर बसवलं. बराच वेळ दोघी माझ्याशीच बोलत होत्या, एकमेकींशी नाही. मग वहिनी म्हणाली, "तुमी आमची जत्रा सांबाळा, आमी तुमची आवणी सांबाळतो. हाय का कबूल?" मावशी पहिल्यांदाच हसली. त्या वर्षी पट्टा एकदाही रिकामा चालला नाही. पुढच्या वर्षी आवणी उरकल्यावर मावशीने वहिनीच्या घरी नाचणी धाडली.

कंपनीने माझं कौतुक केलं. पुण्याच्या एका हॉटेलात प्रशिक्षणाला पाठवलं. वेगवेगळ्या संस्कृतींच्या माणसांचं नेतृत्व कसं करावं, असा विषय होता. जपानी माणसाला कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, हे तिथे शिकवलं. मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, हे तर मला येतंय. तेव्हा मी सुखात होते.

मग कंपनीला परदेशातलं नवं गिऱ्हाईक मिळालं. त्यांना पूर्वीच्या दुप्पट मका हवा होता, आणि मक्याचा हंगाम ऐन पावसाळ्यात. वरून निरोप आला, जे पावसाळ्यात येणार नाहीत ते बारा महिने नकोत. मी मॅनेजरांना आमची अदलाबदल समजावून सांगितली, दोन वर्षांचं काम दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो.

"मॅडम, मला पटतंय," ते म्हणाले. "पण हे माझ्या हातात नाही. त्या बायकांना सांगायला मात्र तुम्हीच बऱ्या. तुमच्या तोंडून ऐकतील, बोभाटा होणार नाही."

मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी पट्ट्यावर, गड्यांसमोर सांगितलं असतं. म्हणून मी सांगितलं. पाळी सुटल्यावर, आतल्या खोलीत, दार लावून, आधी मावशीला मग बाकीच्यांना. शब्द निवडून. सगळं रीतीप्रमाणे.

कुणी काही बोललं नाही. मावशी एकेक बांगडी हातात चढवत राहिली.

"बरं," ती म्हणाली. शेवटची बांगडी चढवून म्हणाली, "भात तर लावाय लागंलच ना, ताई."

मॅनेजरांना वाटलं, प्रकरण सहज निपटलं. त्या शांततेचा अर्थ त्या इमारतीत फक्त मला कळत होता, आणि कळून काही उपयोग नव्हता.

माझी शेवटची आशा वहिनी होती. ती भांडेल, पट्टा बंद पाडेल, असं वाटलं होतं. मी तिला गाठलं तर ती खाली बघत म्हणाली, "आमाला बी घरं हायती, मॅडम. माझ्या सुनंला घेतायत त्या जागंवर." तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. पुढे घोडेगावच्या स्टँडवर मावशीच्या वाडीतल्या बायका दिसल्या की वहिनी पाठ करून उभी राहते, असं ऐकलं. एकदा मी स्वतः पाहिलं.

आवणीच्या दिवसांत मी वर गेले. मावशी गुडघाभर चिखलातून बाहेर आली, हात धुतले, चहा ठेवला. माझ्या आईची तब्येत विचारली, नातीच्या शाळेचं सांगितलं. कारखान्याचं नाव काढलं नाही. मी काढायला गेले तर म्हणाली, "चहा निवतोय." संपलेल्या गोष्टीबद्दल त्या घरात बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. पूर्वीची मी असते तर समजले असते, म्हातारीच्या मनात काही नाही, आणि हलक्या मनाने उतरले असते. एसटीत बसल्यावर वाटलं, माणसं कळण्याची ही कला मला कुणी शिकवलीच नसती तर बरं झालं असतं.

आता पट्ट्यावर निम्म्या मुली ओडिशातल्या आहेत. ठेकेदार आणतो. कारखान्यामागच्या खोल्यांत राहतात, पाऊस असो वा नसो, कामावर हजर. परवा त्यांच्यातली एक माझ्याजवळ आली आणि हिंदीत म्हणाली, "मॅडम, अगले महीने हमारे यहाँ लड़कियों का त्योहार होता है। झूला बाँधते हैं।"

तिला सुट्टी हवी आहे, ते मला कळलं. मागणार नाही, नुसती उभी राहील, हेही कळलं. झोका कुठे बांधतात, किती दिवस असतो, असे दोन प्रश्न ओठांवर आले होते. ते विचारले असते तर तिचं नाव, तिचं घर, तिची आई, सगळं माझ्याबरोबर घरी आलं असतं.

"ऑफिस में पूछो," मी म्हटलं.

ती मान खाली घालून पट्ट्याकडे गेली.