एस-चार कुठे लागतो

बुऱ्हाणपूर स्टेशनावर कुणी विचारलं, "दादा, एस-चार कुठे लागेल?" तर लीलाधर हमाल तोंडाने उत्तर देत नसे. लाल सदऱ्याची बाही मागे सारून तो बोटाने फलाटावरची एक फरशी दाखवी. गाडी यायची, थांबायची, आणि डब्याचं दार नेमकं त्या फरशीसमोर! नवखे प्रवासी त्याच्याकडे असे बघत, जणू त्यानेच गाडी हाताने ओढून आणली.

दंडावरचा पितळी बिल्ला आजोबांपासूनचा. आजोबांनी कोळशाची इंजिनं पाहिली, स्टेशनाजवळच्या लालबागेतून शहरातल्या इतवारा बाजाराकडे सुटणारे टांगे भरून दिले. वडिलांनी केळीच्या घडांनी भरलेल्या मालगाडीच्या वाघिणींच्या काळात अंग मोडून काम केलं. लीलाधरच्या वाट्याला चाकांच्या बॅगा आल्या आणि हमालाला हाक मारणारी माणसं कमी झाली. पण डबा कुठे लागतो हे विचारायला सगळे त्याच्याकडेच येत, आणि तेवढ्यावर तो राजासारखा वावरे. पुढे डब्यांचे नंबर दाखवणाऱ्या दिव्यांच्या पाट्या बसल्या, तेव्हा तो त्यांच्याकडे पाठ करून उभा राहू लागला.

त्याची मुलगी रश्मी खंडव्याला शाळेत शिकवायची, रोज पॅसेंजरने अपडाऊन करायची. जळगावच्या अक्षयशी तिचं जमलं होतं. अडलं होतं एकाच गोष्टीवर. अक्षयची आई, मथुराबाई, मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देणार नव्हती. आणि ती तर अक्षयला सोबत घेऊन थोरल्या मुलाकडे कानपूरला निघाली होती, चांगली सहा महिन्यांसाठी. गुडघे धरल्यामुळे मध्ये उतरणं तिला झेपणारं नव्हतं. म्हणून ठरलं, की बुऱ्हाणपूरला गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात एस-चारच्या दारातून मुलगी बघायची.

"दोन मिनिटं पुष्कळ झाली," लीलाधर म्हणाला. "दार रश्मीच्या नाकासमोर उघडेल."

त्या दुपारी रश्मी नव्या साडीत, तिची आई शोभा दराब्याचा, म्हणजे गावच्या खास रवा-तुपाच्या मिठाईचा, डबा घेऊन, अशा दोघी फलाटावर आल्या. लीलाधरने त्यांना कडुलिंबाजवळच्या फरशीवर उभं केलं. मग मुलीला वीतभर डावीकडे सरकवलं.

"अहो, पाटीवर एस-चार मागे दाखवताहेत, पुलाखाली," शोभा म्हणाली.

"पाटी काल आली, शोभे. मी चाळीस वर्षं इथे आहे."

"पप्पा, एक बार देख तो लो," रश्मी म्हणाली.

"तू पदर सांभाळ."

गाडी आली, थांबली. फरशीसमोर दार उघडलं. दारात एक दाढीवाला बाबा केळं सोलत उभा, आणि डब्यावर लिहिलेलं, एस-नऊ! आज गाडीचे डबे उलट्या क्रमाने आले होते.

रश्मीचा फोन वाजला. अक्षय ओरडत होता, "अगं, कुठे आहेस? आम्ही पुलाखाली! आई दारात उभी आहे!"

लीलाधर वळून दिव्यांच्या पाटीकडे बघत राहिला. रश्मीने मात्र आईच्या हातातला डबा हिसकावला, पदर कमरेला खोचला, चपला तिथेच टाकल्या. "पप्पा, भागो!"

तेव्हा लीलाधरला कंठ फुटला. "बाजूलाऽऽ! बाजूलाऽऽ!" डोक्यावर ओझं नसताना ही आरोळी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच दिली. चहावाला सरला, केळीवाली टोपली उचलून भिंतीला चिकटली, आणि फलाट दुभंगावा तशी मधून वाट झाली.

पुलाखाली मथुराबाई दांडी घट्ट धरून दारात उभी होती. रश्मी पोचली ती घामाघूम, केस मोकळे सुटलेले. वाकून तिने पायांना हात लावला, डबा पुढे केला. बोलायला श्वासच नव्हता. आणि गाडी हलली.

"अशीच धावतेस का गं रोज?" मथुराबाईने डबा घेत विचारलं.

"रोज नाही," रश्मी गाडीबरोबर झपझप चालत म्हणाली. "पॅसेंजर सुटायला लागली, की मगच!"

म्हातारी खळखळून हसली. तिच्या मागे अक्षय दोन्ही हात हलवत होता.

एवढ्यात लीलाधर धापा टाकत पोचला. "माफ करा बाई, माझीच चूक..."

दूर जाणाऱ्या दारातून खणखणीत आवाज आला, "व्याही, आधी दम घ्या!"

लीलाधर तिथेच एका ढकलगाडीवर बसला. शोभा मुलीच्या चपला घेऊन मागून आली. "काय म्हणाल्या त्या? अहो, सांगा ना!"

"मला व्याही म्हणाल्या गं."

"मग बसलात काय?" शोभा म्हणाली. "उठा! इतवाऱ्यात जाऊन भटजींना गाठायचंय."