सहा मेणबत्त्या आणि मिसेस हॉस्किन

आमच्या पोर्थेनिस गावात माझं प्रवचन मन लावून ऐकणारी एकच बाई होती. चर्चची झाडलोट करणारी केझिया हॉस्किन. बाकीचे डुलक्या काढायचे, आणि ते माझ्या पथ्यावरच पडायचं, हे मला फार उशिरा कळलं.

तिशीत तिचा नवरा समुद्राने नेला. त्यानंतर पंचवीस वर्षं ती सकाळी मासे खारवायची, दुपारी आमच्या फरश्या घासायची. रविवारी मात्र थोरल्या बहिणीबरोबर, लव्हडेबरोबर, आमच्या चर्चपासून फुटलेल्या मेथडिस्ट पंथाच्या, टेकडीवरच्या चॅपलमध्ये जायची. मला ते खुपलं. मी नवा पाद्री, अंगात वारं शिरलेलं. मी तिला पढवलं की प्रेषितांनी ज्यांच्या डोक्यावर हात ठेवले, त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर ठेवले, असा तो अधिकार थेट आमच्या बिशपांपर्यंत आलाय. चॅपलमधला उपदेशक आठवडाभर माशांची पिंपं बनवतो, त्याला कसला अधिकार? तिला पटलं. तिनं ते लव्हडेला तोंडावर सांगितलं आणि दोघींचं बोलणं तुटलं. याला मी सहा वर्षं माझा विजय समजत होतो.

गेल्या आठवड्यात बिशप आले. झगे बदलण्याच्या खोलीत त्यांनी मला बजावलं, वेदीवरच्या सहा मेणबत्त्या काढा, रोमच्या कॅथलिकांची नक्कल इथे नको. मिसेस हॉस्किन कोपऱ्यात घड्या घालत होती. मी मान डोलावली, आणि बिशपांची गाडी वळणाआड जाताच त्यांना मनातल्या मनात अडाणी ठरवलं.

रविवारी सकाळी पाहतो तर वेदी रिकामी. तडक तिच्या घरी गेलो. मेणबत्त्या टेबलाखाली पोत्यात होत्या.

"बिशपांनी सांगितलंय, फादर. माझ्यासमोर."

मी समजावलं, एवढ्या एका बाबतीत बिशप चुकतायत.

"बिशपही चुकतात, लव्हडेही एवढंच म्हणायची," ती म्हणाली. "मग मी सहा वर्षं तिच्याशी का बोलले नाही?"

मला ग्रीक येतं, लॅटिन येतं. त्या वेळी मात्र मी तिच्या भिंतीवरचं घड्याळ वाचलं.

"चॅपल अकराला भरतं," मी कसंबसं म्हणालो. "अजून वेळ आहे."

"हे फादर म्हणून सांगताय?"

"नाही. चुकलो म्हणून सांगतोय."

तिनं टोपी चढवली, पोत्याला हात लावू नका म्हणून दम दिला आणि टेकडीकडे निघाली.

उपासना मेणबत्त्यांशिवाय झाली. दुपारी मी बिशपांना पत्र लिहिलं की आज्ञा पाळली आहे. कोणाची, ते लिहिलं नाही.