घासून गुळगुळीत केलेला सांधा

तो ट्रक अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण कोणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा," की आधी तोच आठवतो.

तेव्हा भोपाळला एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपलगत मी टी.आय. होतो, मध्य प्रदेशात ठाण्याच्या प्रमुखाला टी.आय. म्हणतात. एका सकाळी एक ट्रक वळणावर न वळता सरळ दुधाच्या बूथवर गेला. रांगेतल्या एका निवृत्त कारकुनाचा पाय कापावा लागला. ड्रायव्हर पळाला नाही, जखमीला उचलत होता. जो थांबतो त्याचं म्हणणं निदान एकदा नीट ऐकावं, हा माझा नियम.

त्याचं म्हणणं एकच होतं: "साब, स्टेरिंग घूम रिया था, पहिये नी घूम रिये थे."

वैद्यकीय तपासणीत तो प्यालेला निघाला नाही. ट्रकचा मालक शाहपुऱ्यातला ठेकेदार. तो म्हणाला, "डुलकी लागली असेल." आमच्या मेकॅनिकने मुलाहिजा, म्हणजे गाडीची तपासणी केली आणि लिहून दिलं की ब्रेक ठीक आहेत, स्टीअरिंगचा दांडा धडकेने तुटला. झालं, सगळं ड्रायव्हरच्या गळ्यात. माणूस बाहेरगावचा, जामीन द्यायला कोणी नाही. लायसन्स जाणार आणि तुरुंगही भोगावा लागणार. इकडे मालकाला ट्रक सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टात हमी लिहून देऊन सोडवायची भारी घाई.

त्याच सुमारास एक बाई ठाण्यात नाही, थेट माझ्या घरी आल्या. नागपूरकडच्या, नवरा कारखान्यात वेल्डर. संक्रांतीच्या हळदीकुंकवामुळे माझ्या बायकोची ओळख.

"भाऊ, तो ट्रक सोडू नका. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी बाहेर झाडाखाली त्यात काहीतरी काम केलंय. अपघात झाल्यापासून ताटावरून तसेच उठतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझं नाव येऊ देऊ नका. ह्यांना कळलं तर मी कुठल्या तोंडाने राहू?"

"वहिनी, खबर देणाऱ्याचं नाव माझ्या तोंडून जात नाही," मी म्हणालो.

पंचांसमक्ष बॉनेट उघडलं. मिलिटरीच्या लिलावातला जुना पेट्रोल ट्रक, आणि मालक शौकीन. ताकद वाढावी, आवाज घुमावा म्हणून त्याने इंजिनाचा मूळ एक्झॉस्ट काढून बाजारातले जाड, वाकडे हेडर पाइप बसवले होते. ते नेमके स्टीअरिंगच्या दांड्याच्या वाटेत आले. मग दांड्याचा मधला जाड तुकडा कापून तिथे बारीक सळई जोडली होती. सांधा असा घासून रंगवलेला की आमचा मेकॅनिकही फसला. तुटला तो त्याच सांध्यावर. तुकडे जप्त केले.

वेल्डरला बोलावलं. आधी तो काही कबूल करेना. मी ओरडलो नाही. ओरडणारा अधिकारी बहुधा स्वतःच गोंधळलेला असतो. दोन्ही तुकडे त्याच्यासमोर ठेवले आणि चहा मागवला. मग एक तुकडा उचलून त्याने तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"फिनिशिंग माझंच आहे, साहेब. सांधा दिसू नये म्हणून जास्त घासला. त्यात ताकद गेली."

"मग असा सांधा करून दिलास कशाला?"

"कारखान्यात माझ्या वेल्डचा एक्स-रे निघतो. इन्स्पेक्शनवाले पास करतात, तेव्हा जॉब पुढे सरकतो. सगळं आयुष्य तसंच गेलं. मालकाला म्हटलं, चेक करून घ्या. तो म्हणाला, तू केलंस म्हणजे झालं."

मला संताप आला आणि कीवही आली. आपल्यानंतर कोणीतरी तपासणारा आहे, या भरवशावर अख्खी टाउनशिप जगत होती. कारखान्यात असा तपासणारा असायचाही. बाहेरच्या झाडाखाली मात्र कोणी नव्हतं, आणि हे त्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

ड्रायव्हर सुटला आणि आधी इस्पितळात त्या कारकुनाला भेटून आला. ठेकेदार आणि वेल्डर यांच्यावर खटला चालला. वेल्डरने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. सुटून आल्यावर तो मला भेटला.

"साहेब, खबर कोणी दिली ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्याकडून परतली ती डोळे सुजवून. ती बोलली नसती तर मी तोंड उघडलं नसतं, आणि तो ड्रायव्हर फुकट आत गेला असता. पण मला कळलंय, हे तिला सांगू नका. धसका घेईल."

मी शब्द दिला. वहिनी दर संक्रांतीला यायच्या आणि निघताना हळूच विचारायच्या, "ह्यांना कळलं नाही ना, भाऊ?" मी मान हलवायचो. खबऱ्याचं नाव आरोपीपासून लपवणं हे आमचं रोजचं काम. इथे आरोपीची माया खबऱ्यापासून लपवत होतो. माणसं एकमेकांना वाचवायला किती गप्प राहतात, हे मी त्या घरात शिकलो.

वेल्डर वारला तेव्हा शब्दातून मोकळा झालो, असं मी मानलं. दिवसकार्य झाल्यावर वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी पदर बोटाला गुंडाळला.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या हातचं जेवले," त्या म्हणाल्या, "ते सगळं माहीत असून."