ऐंशीचं लॉक

मामांची पिकअप ऐंशीच्या वर पळत नाही. इंजिनावर एक छोटा संगणक नजर ठेवून असतो. काटा ऐंशीवर आला की तो डिझेल आवरतो, मग पाय कितीही दाबा. मालवाहू गाड्यांना तसा नियमच आहे. ही मर्यादा बदलता कशी येते ते मला माहीत आहे, कारण पुण्यात मी इंजिनाच्या संगणकांचंच काम करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. प्रवेशाच्या दिवशी पेटी आणि गादी गाडीत टाकून मामांनीच मला होस्टेलवर सोडलं होतं.

दिवाळीत मामांच्या गावी, धामणगाव बढ्याला गेलो तेव्हा मामा म्हणाले, "लॅपटॉप आणला न? मंग ते ऐंशीचं लॉक काढून दे बाप्पा."

"काऊन मामा? कापूस काय उडवत नेता का आता?"

ते हसले नाहीत. नंतर मामीने सांगितलं. पावसाळ्यात शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली. दुसरी गाडी मिळेना, म्हणून मामांनी त्यांना पिकअपमध्येच बुलडाण्याला न्यायला घेतलं. काकू मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. राजूर घाट चढतानाच काका गेले. अंत्यविधीच्या वेळी त्यांचा मुलगा चारचौघांत म्हणाला, "गाडी पळवली असती तं बाप वाचला असता." काकू काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून मामा त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होते.

लॉक काढणं नियमात बसत नव्हतं, आणि मामांना नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. मी लॅपटॉप गाडीला जोडला आणि म्हणालो, "आधी घाट चढून वरपर्यंत चाला. त्या दिवशी चालवली तशीच चालवा."

मोताळ्यापर्यंत गावं, ट्रॅक्टर, खड्डे. वेग सत्तरच्या पुढे गेलाच नाही. घाटात तर दुसरा गिअर आणि वळणामागून वळण. वर पोचल्यावर, वाटभर वेगाची नोंद घेतलेली लॅपटॉपची स्क्रीन मी त्यांच्यापुढे धरली.

"पाहा मामा, लॉक एकदाबी लागलं नाही. त्या दिवशीबी ते आडवं आलं नसन."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना हलकं वाटेल.

"म्हंजे गाडीनं नाही," ते म्हणाले. "म्याच हळू नेली."

या वळणांवर कोणीच याहून जोरात नेऊ शकत नाही, असं मी सांगत राहिलो. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही. मी लॅपटॉप मिटला. मामांनी गाडी परत वळवली.

पुण्याला आल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"काकू आल्ती आज गाडीत. सोयाबीन न्याचं होतं बुलडाण्याले. पुढंच बसली."

"मंग?"

"घाट लागला तं म्हणे, भाऊ, त्या दिवशी नेली तशीच जपून न्या."

मग मी जेवलो का, ते त्यांनी विचारलं. लॉकचं नाव काढलं नाही.