मला न येणाऱ्या लिपीतली एक ओळ

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठते. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटी बघते मी. डागाळलेला घड बाजूला काढायचा, त्यावर चर्चा करायची नाही, असा स्वभाव. तरी हे लिहितेय, कारण या घडाचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही...

माझे वडील, अण्णा, चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांना जन्म देतानाच त्यांची आई गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि पहिलीचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. पितृपक्षात गुरुजी आईचं नाव विचारतात, अण्णांना ते माहीतच नाही. मग गुरुजीच सांगतात, गंगा म्हणा. हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा अण्णा म्हणाले, "लय वर्षं गंगा म्हणलो. एकदा खरं नाव घेऊन पाणी देऊ दे, मग कापा काय कापायचं ते."

हातात दीड महिना होता. मी कामाला लागले. अण्णांचं गावही पिंपळगावच. तिथल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी स्कॅन होऊन ऑनलाइन आल्यात, पण सगळ्या मोडीत, आणि मला मोडीचं एक अक्षर येत नाही. पानं डाउनलोड करून मोडी वाचणाऱ्या एका काकांना व्हॉट्सअॅप करायची. तीन आठवडे हाती काही नाही.

रविवार, सकाळचे अकरा. नाशिकला इंदिरानगरचा आमचा फ्लॅट, डायनिंग टेबलवर लॅपटॉप, समोर अण्णा शेंगा सोलतायत. मी नवीन पान उघडलं आणि सरळ वाचत गेले — "म्हाळसाबाई, तुकारामाची बायको, बाळंतपणात. माहेर घोटी, जाधवांची."

तुकाराम म्हणजे माझे आजोबा. अण्णांचा हात थांबला. स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "तुला मोडी कधीपासून यायला लागली?"

मी परत स्क्रीनकडे पाहिलं. नुसती वेटोळी.

पान काकांना पाठवलं. उत्तर आलं — 'तुकारामाची बायको, बाळंतपणात.' बास. बायकांची नावं त्या वहीत लिहीतच नसत, माहेर तर लांबच. नवरा म्हणाला, डोक्याला ताण आलाय, सुट्टी टाक. टाकली... पंचवटीत जायला.

तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावोगावच्या वह्या असतात. कुठलं घराणं कधी आलं, कुणासाठी आलं, सगळं लिहिलेलं. घोटीची वही कुणाकडे ते शोधण्यात दोन दिवस गेले. मी मुद्दामच नाव सांगितलं नाही. म्हटलं, घोटीचे जाधव, लेक पिंपळगावला दिलेली, बाळंतपणात गेली. उपाध्याय बराच वेळ पानं चाळत होते. मग त्यांनी बोट ठेवून वाचलं, "कन्या म्हाळसा. पिंपळगावी दिली होती. मागे एक मुलगा."

मी फोटो काढला, दक्षिणा ठेवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. मी सहसा बसत नाही.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी अण्णांनी रामकुंडावर पाणी दिलं. गुरुजींनी विचारायच्या आतच त्यांनी नाव घेतलं, शेजारचे लोक वळून बघतील एवढ्या मोठ्याने.

आता अण्णा माझ्या भाजीला नावं ठेवण्याइतके ठणठणीत आहेत. नवऱ्याचं म्हणणं, लहानपणी तुझ्या कानावर पडलं असेल. पण पडणार कुणाच्या तोंडून? अण्णांनाच माहीत नव्हतं. ते पान लॅपटॉपवर आहे अजून. अधूनमधून उघडते, चष्मा पुसून बघते.

एक अक्षर लागत नाही.