साहेबांचा नंबर, दत्तूचा खिसा

दत्तू गेल्याची बातमी माझ्याकडे आधी साहेबांच्या शोकसंदेशातून आली, पण त्यात त्याचं नाव चुकलं होतं. ‘आमचे निष्ठावंत सहकारी दशरथ यांच्या निधनाने...’ अशी सुरुवात आणि खाली साहेबांचा हसरा फोटो. हा दशरथ कोण, याचा विचार करतोय तोवर दत्तूच्या भावाचा फोन आला. सकाळी आंघोळीचं पाणी काढताना कोसळला, म्हणाला. साहेबांच्या नावानं निघणारे शोकसंदेश वर्षानुवर्षं दत्तूच लिहीत असे, आणि मयताच्या नावाची खात्री केल्याशिवाय एक अक्षर पाठवत नसे. त्याच्या वेळेला खात्री करणारं कुणी उरलं नव्हतं.

दत्तू आटपाडीचा. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी सांगलीत वकिली सुरू केली आणि तो आमदारसाहेबांचा पीए झाला. ‘साहेबांचा’ म्हणून जो नंबर तालुकाभर भिंतींवर रंगवला होता, त्याचं सिमकार्ड साहेबांच्या नावावर, पण फोन कायम दत्तूच्या खिशात. साहेबांनी त्यावरचा एकही संदेश कधी वाचला नाही. कुणाचा जावई मारतो, कुठला तलाठी अडवतो, सगळं दत्तूच ऐकायचा. म्हातारी माणसं त्याच्याच आवाजाला साहेब समजून आशीर्वाद द्यायची. साहेबांना मिळालेले तेवढेच खरे आशीर्वाद, आणि तेही चुकीच्या पत्त्यावर गेलेले.

मग एकदा साहेबांनी पक्ष बदलायला जरा उशीर केला, आणि सरकारनं त्या नंबरावरची सगळी माहिती फोन कंपनीकडून परस्पर उचलली. त्यात मंगल होती. ओढ्यातली वाळू उपसणाऱ्यांच्या ट्रॅक्टरांचे फोटो ती या नंबरावर पाठवत असे. महिन्याभरात वाळूवाले तिच्या दारात आले, तिनंच लिहिलेले संदेश तिला वाचून दाखवले आणि तिच्या कडब्याची गंज पेटवून गेले.

आदल्याच अधिवेशनात आमदारांनी स्वतःसाठी एक कलम करून घेतलं होतं. आमदाराची माहिती सरकारनं त्याला न कळवता घेतली, तर तो थेट सरकारवर दावा लावू शकतो. फक्त आमदार. मंगलची घेतली तर मंगलनं काय करावं, हे कुणाला सुचलंही नाही. पाण्यावरून एकमेकांचे गळे धरणारे सगळे पक्ष या कलमाला मात्र एका सुरात ‘होय’ म्हणाले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

दत्तू सांगलीला माझ्याकडे आला. “गड्या, दावा लाव. दावा उभा राहिला की मंगलचं नाव कुनी फोडलं ते सरकारला कोर्टात सांगावं लागंल.”

“तुला लावता येत नाही, दत्तू.”

“ठावं हाय. आमदारच पायजे. हाय की आपल्याकडं एक.”

दावा मी लिहिला. ‘माझे अत्यंत खाजगी आयुष्य उघड्यावर पडले’ हे वाक्य माझंच. कोर्टाच्या पायऱ्यांवर ते कॅमेऱ्यांसमोर म्हणताना साहेबांचे डोळे भरून आले. त्याआधी गाडीत त्यांनी विचारलं होतं, “त्यात हुतं तरी काय काय हो?”

कोर्टाची तिसरी तारीख पडायच्या आत सरकारकडून साहेबांना महामंडळ मिळालं. मला बोलावून म्हणाले, “दावा काढून घ्या. हक्क माझा हाय, वापरायचा का न्हाई ते मी ठरवनार.” कायद्यानं ते बरोबर होतं, हीच खरी घाण. दत्तू दाराशी उभा होता. “आन् मंगलचं काय, साहेब?”

“कोन मंगल?”

मी अर्ज लिहिला. वकिलाला पक्षकाराचं ऐकावं लागतं, असं मी अनेकांना सांगत आलोय. त्या दिवशी मात्र मला साहेबांइतकीच स्वतःची किळस आली. दत्तूनं नोकरी सोडली. साहेबांनी नवा नंबर घेतला आणि तो बाटलेला नंबर दत्तूकडेच राहिला. पुढचे कित्येक आठवडे तो मोटरसायकलवरून त्या फोनमधल्या माणसांच्या घरी जात होता. “तुमचं नाव फुटलंय, सावध ऱ्हावा. तुमी इस्वासानं सांगितलं आन् मी ते फोनात ठेवलं, चूक माझी.” काहींनी शिव्या घातल्या. मंगलनं पहिल्यांदा दार लावून घेतलं... दुसऱ्यांदा उघडलं. पुढे लोक फोन न करता त्याच्या सोप्यावर येऊन बोलू लागले. तो नुसता ऐकायचा आणि त्यांच्याबरोबर कचेरीत जायचा.

बाराव्याच्या आधी साहेब दत्तूच्या घरी आले. मी तिथंच होतो. दोन मिनिटं मान खाली घालून बसले आणि मग दत्तूच्या बायकोला हळूच म्हणाले, “वैनी, त्यो जुना फोन कुठं हाय? सिम माझ्या नावावर हाय. माझं खाजगी असतंय त्यात, उगं कुनाच्या हाताला लागाय नको.”

शालनवहिनी उठल्या. फडताळातून फोन आणला, साडीची पिन काढून सिमकार्ड बाहेर काढलं आणि साहेबांच्या तळहातावर ठेवलं. “घ्या. तुमचं एवढंच हाय.”

फोन त्यांनी परत आत ठेवला. मागायची साहेबांना हिंमत झाली नाही.

सोप्याच्या कोपऱ्यात एक बाई मघापासून पदर तोंडाला लावून बसली होती. साहेबांची नजर तिच्यावरून दोनदा फिरली, पण ती मंगल आहे हे त्यांना कळण्याचं कारणच नव्हतं. गाडी वळल्यावर ती पुढे सरकली.

“वैनी, ट्रॅक्टर पुन्ना सुरू झाल्यात.”

सवयीनं माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. वहिनींनी मानेनंच मला थांबवलं.

“लिवायचं न्हाई, भावजी,” त्या म्हणाल्या आणि मंगलसमोर मांडी घालून बसल्या. “सांग बाई. मी ऐकती.”