खोबरेलाची शर्यत

त्या सकाळी शिंपीणबाईंच्या घरात शर्यत लागली होती, आणि ती बघायला अर्धी गल्ली पायातले बूट न काढताच आत घुसली होती.

निमित्त झालं एका पांढऱ्या झग्याचं. लाकडाच्या शेगडीशेजारी बसून बाईंनी तो शिवला, आणि धुराचा वास येतो म्हणून गिऱ्हाइकाने तो परत आणून टाकला. बाईंनी तडक विजेचा हीटर आणला. नवरा फुरंगटला. गुडघा गेल्यापासून त्याचं बस चालवणं सुटलेलं. लाकडं फोडायची, शेगडी पेटवायची, एवढंच काम हाती उरलं होतं. तेही गेलं तर माणसाने दिवसभर करायचं काय?

"तुझ्या डब्याला आधी जिंकू दे," तो म्हणाला, "मग खुशाल घाल शेगडी भंगारात!"

ठरलं. शिवणाच्या खोलीत शेगडी, मागच्या तेवढ्याच खोलीत हीटर. दोन्हीकडे फळीवर थंडीने दगड झालेल्या खोबरेलाची बाटली. जिथलं तेल आधी वितळेल, ती खोली जिंकली.

शेजारीण या दारातून त्या दारात पळत बातम्या देत होती. "हीटरकडे कडा सुटल्या! शेगडीकडे अजून ढिम्म!" शेवटी हीटरच्या खोलीतलं तेल डुचमळलं, एकच गलका झाला आणि बाई बाटली नाचवत शिवणाच्या खोलीत आल्या.

शेगडी चरचरत होती. लाकडांच्या टोकांना पाण्याचा फेस आला होता. ओलं लाकूड? जन्मात एक दमट काटकी आत जाऊ न देणाऱ्या माणसाच्या शेगडीत? जिन्याखाली सुक्या लाकडांचा ढीग जसाच्या तसा होता.

गल्ली पांगल्यावर बाईंनी नवऱ्याला गाठलं. "अहो, मुद्दाम हरलात?"

तो राख उकरत बसला. "पैज लावली खरी. पण रात्री तुझा खोकला ऐकला. आणि माझ्या हौसेपायी तुझी गिऱ्हाइकं घालवू का?"

बाईंना रडू फुटलं, आणि रागही आला. "असली लबाडी माझ्याकडे चालायची नाही! इथे हीटर राहील. शेगडी बाहेरच्या खोलीत न्यायची, कापडापासून लांब. आणि उद्या पुन्हा शर्यत. सुकी लाकडं घेऊन बसा, नाहीतर गाठ माझ्याशी आहे!"

नवरा गुडघा सावरत उठलाच. "कुऱ्हाड कुठे ठेवलीस गं?"